कार्डाची मागची बाजू

मंगळवार, ४

ही वही खरं म्हणजे नातवंडाच्या नावांसाठी आणून ठेवली होती. अजून तीन महिने हातात होते, म्हणून पहिल्या पानावर नुसती तारीख घालायची जागा सोडली होती. आज सकाळी साडेसहाला जावयाचा फोन आला. मुलगी झाली. नऊशे चाळीस ग्रॅम.

"म्हणजे साखरेच्या पुड्याएवढी हो," ही म्हणाली, आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

लेक बरी आहे. बाळ काचेच्या पेटीत आहे. फुप्फुसं तयार व्हायच्या आत आली, म्हणून श्वासाला नळी लावलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकेक दिवस बघू." ही दोन कपडे पिशवीत कोंबून दवाखान्यात गेली. मी थांबलो. घरी कुणीतरी पाहिजे ना. कशासाठी पाहिजे ते हिने विचारलं नाही, हे बरं झालं.

बुधवार, ५

दुपारी लेकीचा फोन. आवाज पार बसलेला.

"बाबा, पेटीवर कार्ड लावलंय. माझं नाव आणि पुढे 'यांचं बाळ'. सिस्टर सांगते, बोला तिच्याशी, तिला आवाज कळतो. मी काय म्हणून हाक मारू? यांचं बाळ, यांचं बाळ करू?"

"नाही गं."

"मग नाव द्या. परवापर्यंत द्या. आख्ख्या गावाला देता."

देतो खरा. छत्तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, निवृत्त झालो आणि हा उद्योग मागे लागला. कुणाला मुलासाठी नाव हवं असतं, कुणाला घरासाठी, एकाने तर बोटीसाठी मागितलं होतं. माझी रीत ठरलेली आहे. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्यायचं. मागच्या बाजूला चार ओळी: धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, उपसर्ग, म्हणजे त्याच्यापुढे लागून त्याला दिशा देणारा, प्रत्यय, म्हणजे मागे लागून त्याला रूप देणारा, आणि शेवटी अर्थ. या चार ओळी पक्क्या झाल्या, की मगच कार्ड उलटवून पुढच्या बाजूला ठसठशीत नाव लिहायचं. मागची बाजू भरल्याशिवाय पुढची द्यायची नाही. सांगतानाही तोच क्रम. लोक चुळबुळतात, पण ऐकून घेतात. आजवर दोनशे बारा कार्डं गेली.

लेकीला म्हटलं, "देतो. पण चांगलं देतो. घाई नको."

शुक्रवार, ७

सकाळपासून बसलोय. 'धृ' घेतला. धरणं, सांभाळणं. धरा, धरणी, धृती, आधार, सगळे याचेच. धृती नाव चांगलं आहे. पण गेल्या दोन वर्षांत मी तीन धृती दिल्यात. नात काय चौथी धृती म्हणून वाढवायची?

मग 'वृध्'. वाढणं. नऊशे चाळीस ग्रॅमला याहून चांगला धातू कुठला? वृद्धी, वर्धिनी. आणि मग ध्यानात आलं, वृद्धही त्यातलाच. वाढ झाली, वाढ झाली, आणि झाला म्हातारा. ज्या शब्दात मी बसलोय त्यात तिला कशाला बसवा? खोडलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा म्हटलं, होतंय, होतंय.

शनिवार, ८

वजन नऊशे दहा. घटलं! हिला विचारलं तर म्हणाली, सगळ्याच बाळांचं आधी घटतं, मग वाढतं. ही आता चार दिवसांत अर्धी डॉक्टर झालीय.

लेक दर तीन तासांनी मशीनने दूध काढते. बाळाला ते नळीतून थेंब थेंब देतात. कधी कधी चमचाभरही निघत नाही, मग रडते. मुलीला संस्कृतात 'दुहिता' म्हणतात. जुने लोक त्याचं मूळ सांगतात 'दुह्', दूध काढणं, का तर घरातली मुलगी गाईचं दूध काढायची. मी हे छत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. आज हिच्याकडून मशीनचं ऐकलं आणि फळ्यावरचं सगळं पुसून टाकावंसं वाटलं.

रविवार, ९

आजी-आजोबांना रविवारी चार ते पाच आत सोडतात. ही गेली. मला जरा सर्दीसारखं वाटत होतं. तिथे सर्दी चालत नाही.

ही येऊन म्हणाली, "हात केवढा आहे ठाऊक आहे? माझ्या बोटाच्या पेरावर मावतो."

मी म्हटलं, "हो का."

मंगळवार, ११

आज घरात वाजलं. एका व्यायामशाळेवाल्याचा फोन आला, उद्या पाटी रंगवायची आहे, नाव द्या. मी त्याला 'ओजस्' काढून दिलं. मागच्या चार ओळी सांगितल्या, पुढचं नाव सांगितलं, तो खूश.

फोन ठेवला तर ही दारात उभी, डब्याची पिशवी हातात.

"किती वेळ लागला?"

"वीसेक मिनिटं."

"व्यायामशाळेला वीस मिनिटं! आणि तिथे पोरगी आठ दिवस झाले पोटच्या पोरीला 'अगं, अगं' म्हणतेय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, म्हणतात ते उगीच नाही."

"तसं नसतं. नाव म्हणजे काय चप्पल आहे, घातली आणि निघाले?"

"मला नका शिकवू. मी तुमची विद्यार्थिनी नाही." पिशवी घेऊन निघून गेली. जिन्यावरून पुन्हा वर आली आणि म्हणाली, "सिस्टर तिला वाटाणा म्हणते. वाटाणा! बघा आवडतंय का."

नाही आवडलं. पण लिहायला बसलो तर दुसरं काहीही सुचेना.

गुरुवार, १३

'अन्' म्हणजे श्वास घेणं. यातूनच प्राण. 'प्र' पुढे लावला की पुढे जाणारा श्वास, प्राण. अनिलही यातला. इतका नेमका धातू समोर असताना आठ दिवस मी इकडेतिकडे कशाला हिंडत होतो कोण जाणे. दोन तास मजेत गेले. मग लिहिलेलं लांब धरून पाहिलं. अनर्थ, अनादर, अनिष्ट यांच्या तोंडाशी जो 'नाही' असतो तोही दिसायला असाच. त्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे मला कळतं. पण कार्ड वाचणाऱ्या एखाद्याला वाटलं तर? फाडलं.

लेकीला हे फोनवर समजावून सांगत होतो. ती म्हणाली, "बाबा, मला सगळी चालतील. धृती चालेल. वृद्धी चालेल. काहीही चालेल."

काहीही कसं चालेल?

शुक्रवार, १४

नळी काढली! आता नाकाशी नुसती हवा. स्वतःचा स्वतः श्वास घेतेय! नऊशे पासष्ट ग्रॅम! जावई फोनवर हसत होते, आणि मीही इकडे उभ्याउभ्या हसत होतो. ते म्हणाले, "बाबा, रविवारी याच. तुम्ही बोललात की तिला मराठी आधी येईल की संस्कृत, पैज लावू." मी म्हटलं, जावईबापू, पैज हरलात तर आयुष्यभर रूपं पाठ करावी लागतील.

आज कार्डांची पेटी नीट लावली.

रविवार, १६

गेलो होतो. हे मी हिलाही सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो.

ही आधी पुढे गेली. मी मागून दोन बस बदलून पोचलो. तिसऱ्या मजल्यावर बाहेर चपला-बुटांची फळी आहे. तिथे बाकावर बसून बूट काढले. हात धुवायचं बेसिन, हिरवे झगे, आणि पलीकडे काच. काचेतून पेट्यांची रांग दिसते. आमची कुठली ते इथून कळत नव्हतं. एक तरुण माणूस झगा उलटा घालून आत गेला, सिस्टरने त्याला पुन्हा बाहेर काढला, सगळे हसले. मग मी बूट घातले आणि खाली आलो. लेसची गाठ काही केल्या बसेना.

हिला सांगितलं, गुडघा धरला होता, बसमधूनच परतलो.

हिने गुडघ्याला लावायला तेल आणून पुढे ठेवलं. मग म्हणाली, "ही तो नाहीये हो."

एकदा लिहूनच टाकतो. लेकीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. तोही असाच घाईने आलेला. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा, डोक्यात संस्कृत ताजं. तासाभरात नाव ठेवलं, आयुष्य या शब्दावरून, दीर्घ आयुष्य असलेला म्हणून. दवाखान्यातल्या झाडूवालीपासून सगळ्यांना ऐकवलं. तो अकरा दिवस होता. नंतर कधीतरी शाळेत शिकवताना त्या शब्दाची फोड केली, तेव्हा पाहिलं की व्याकरणवाले त्याचा धातू 'इ' सांगतात. इ म्हणजे जाणं. मी मागची बाजू पाहिलीच नव्हती. तेव्हापासून पाहतो.

मूर्खपणा आहे हे मला कळत नाही असं नाही. या शब्दाची मुलं म्हातारी होऊन काठी टेकत फिरताहेत. पण मला भीती वाटते. बस. लिहिलं.

सोमवार, १७

रात्रीतून ताप आला. जंतुसंसर्ग. पुन्हा नळी.

लेकीने आज नावाचं विचारलं नाही.

मंगळवार, १८

दुपारी हिला विचारलं, "मी काय करू शकतो?" ही भाजी निवडत होती. म्हणाली, "मला विचारताय? मी डबा करते. मला तेवढंच येतं." मग दोघांनी बसून भाजी निवडली. मी निवडलेली तिने पुन्हा निवडली.

बुधवार, १९

कार्ड झालं.

धातू 'श्वस्'. हाही श्वासाचाच. पण याची गंमत अशी, की पुढे 'आ' लागला की धीर देणं, आश्वासन. 'वि' लागला की भरवसा, विश्वास. म्हणजे जुन्या लोकांना वाटलं असेल, ज्याच्याजवळ माणूस मोकळा श्वास घेतो, त्याच्यावर त्याचा विश्वास. याच्यात कुठे खोट निघत नाही. उलटून पालटून पाहिलं, मागच्या चारही ओळी घट्ट. कार्ड उलटवलं आणि पुढे नाव लिहिलं. तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

ही ऐकून म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड होतोय. पण आहे गोड. चला, करा तिला फोन."

मी म्हटलं, फोनवर नको. रविवारी स्वतः जाऊन हातात देतो. या खेपेला आत जातो.

"रविवार लांब आहे," ही म्हणाली.

चार दिवस म्हणजे काही लांब नव्हे.

शुक्रवार, २१

काल दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी गेली. सतरा दिवस.

जावयाने दवाखान्याच्या कचेरीतून फोन केला होता, दाखल्यावर नाव काय लिहायचं म्हणून. हिने फोन घेतला आणि म्हणाली, "राहू द्या मोकळं."

सोमवार, २४

जे झालं ते झालं तसं लिहितो. नाहीतर मी त्यात काहीतरी दुरुस्त्या करत बसेन.

गुरुवारी ही सकाळीच गेली होती. साडेतीनच्या सुमारास लेकीचा फोन आला. आवाज अगदी साधा. रडका नाही, घाईचा नाही. म्हणाली, "बाबा, नाव झालंय म्हणाली आई. सांगा."

मी म्हटलं, "रविवारी घेऊन येतोय ना."

"आत्ता सांगा."

मला आनंदच झाला, खोटं कशाला लिहू? कार्ड समोरच होतं. चष्मा लावला, खुर्ची ओढली. म्हटलं, "घाई करू नको हं, नीट ऐक." आणि मागच्या बाजूने सुरुवात केली. धातू श्वस्. श्वस् म्हणजे श्वास घेणं. मग आश्वासन सांगितलं. विश्वास सांगितला. निःश्वास, उच्छ्वास, एकाच मुळाची सगळी भावंडं कशी, ते सांगितलं. ती मधे काही बोलत नव्हती. मला वाटलं, ऐकतेय. शाळेत असा एखादा तास यायचा, वर्ग एकदम चिडीचूप, आणि आपलं बोलणं आपल्यालाच गोड लागायचं. तसंच वाटत होतं. माझ्या आवाजालाही जरा जोर चढला होता. उपसर्गावर आलो. म्हटलं, "आता उपसर्ग काय करतो बघ. श्वास तोच असतो, पण—"

जावयाचा आवाज आला. "बाबा, थांबा आता."

मी विचारलं, "का? नाव राहिलंय अजून."

ते म्हणाले, "थांबा बाबा."

किती वेळ बोललो ते मी मागून फोनमध्ये पाहिलं. अकरा मिनिटं. नाव सांगायला दोन सेकंद लागतात.

गुरुवार, २७

आज एका बाईंचा फोन आला, जुळ्यांसाठी दोन नावं हवीत. म्हटलं, मी आता देत नाही. का, म्हणाल्या. म्हटलं, येत नाही मला.

शनिवार, २९

ही माझ्याशी नीट बोलते. चहा वेळेवर देते, गोळ्यांची आठवण करते. एक शब्द लावून बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, ३

लेक उद्या येणार म्हणून निरोप आला. काय बोलायचं ते कागदावर लिहून पाहिलं. 'माझं चुकलं' याच्यापुढे वाक्य जात नाही.

गुरुवार, ४

लेक आली. जावई तिला सोडून कामावर गेले. एवढीशी झालीय. आल्याआल्या आईच्या गळ्यात पडून रडली, मग तोंड धुतलं, मग माझ्या खोलीत येऊन कॉटवर बसली. मी कागद खिशातून काढला, पण ती आधी बोलली.

"बाबा, आईने सांगितलं मला, तुम्ही जेवत नाही म्हणून."

"जेवतो की."

"मला तुम्हाला एक सांगायचंय. मी तुमचं काहीच ऐकलं नाही त्या दिवशी."

मला कळेना.

"फोन माझ्याकडे नव्हताच. सिस्टर म्हणाली, आता मांडीवर घ्या. नळ्या काढल्या होत्या. सतरा दिवसांत पहिल्यांदा मी तिला मांडीवर घेतलं. तुम्ही म्हणालात ना, नीट ऐक, तेव्हाच मी फोन तिच्या कानाशी धरला. स्पीकर नाही लावला, मोठा आवाज नको म्हणून. तुम्ही बोलत होतात. काय ते मला कळत नव्हतं, नुसता तुमचा आवाज बारीक बारीक येत होता. ती ऐकत होती, बाबा. तिने मूठ उघडली होती."

मी म्हटलं, "मला मधेच थांबवायचं होतंस गं."

"ह्यांनी थांबवायला हात पुढे केला होता आधीच. सिस्टरच म्हणाली, बोलू द्या त्यांना. मग सगळे गप्प उभे राहिलो. शेवटी ह्यांनी फोन घेतला, तेव्हा झालं होतं."

"म्हणजे तिने सगळं ऐकलं."

"हो."

"फक्त नाव राहिलं."

मला तेव्हा जे वाटलं ते लिहायला माझ्याकडे शब्द नाही, एवढंच लिहितो. मी तिच्यासमोर रडलो. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा बघत असेल. तिने माझ्या हातातला कागद काढून घेतला, न वाचताच घडी केली आणि उशीखाली सरकवला. म्हणाली, "आता मला सांगा."

कार्ड टेबलावरच्या पुस्तकात होतं. काढलं. विचारलं, "नुसतं नाव सांगू ना?"

"नाही. तिला सांगत होतात तसंच सांगा. पहिल्यापासून."

चष्मा पुसला. सुरुवात केली. धातू श्वस्. श्वस् म्हणजे श्वास घेणं. आवाज दोनदा फाटला, पण ती थांबून राहिली. ही हात पुसत येऊन दाराला टेकून उभी राहिली. आश्वासन झालं, विश्वास झाला, उपसर्ग झाला, त्या दिवशी जिथे थांबलो होतो ते वाक्य पुरं झालं. प्रत्यय झाला, अर्थ झाला. मग कार्ड उलटवलं आणि नाव वाचलं. ते इथे लिहीत नाही. ते तिच्या आईकडे गेलं.

लेकीने ते हळूच एकदा म्हणून पाहिलं. मग कार्ड माझ्याकडून घेतलं आणि अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

"मोठं आहे जरा," ती म्हणाली. "पण छान आहे."

मी मान हलवली.

"आपण तिला लाडाने काय म्हटलं असतं, बाबा?"

ते मी ठरवलंच नव्हतं.